टेस्टोस्टेरॉन हे वासनेचं बटण आहे का? उंदरांचा पुरावा काय सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नर उंदराला खच्ची केलं की समागम बंद, टेस्टोस्टेरॉन टोचलं की परत सुरू. मग रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हेच वासनेचं माप धरायला हरकत काय, आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं जे एवढं ऐकू येतं ते यात बसतं कुठे?

हरकत आहे, आणि ती बरीच जुनी आहे. 1952 साली ग्रंट आणि यंग या संशोधकांनी गिनीपिग नरांची आधी नुसती पाहणी केली. काही फार उत्साही, काही मध्यम, काही अगदीच थंड. मग सगळ्यांची वृषणं काढली. यथावकाश सगळेच थंडावले. त्यानंतर प्रत्येकाला टेस्टोस्टेरॉनचा एकसारखा डोस सुरू केला. तुमच्या हिशेबाने सगळे एकाच पातळीवर यायला हवे होते. आले नाहीत. आधी जो उत्साही होता तो पुन्हा उत्साही झाला, थंड होता तो थंडच राहिला. डोस वाढवूनही हा क्रम काही बदलला नाही. मला विचाराल तर या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे, कारण त्याला ना महागडं यंत्र लागलं, ना गुंतागुंतीचं गणित.

त्यात आणखी एक गोष्ट घाला. वृषणं काढल्यावर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन दिवसभरातच जवळपास संपतं, पण उंदीर त्यानंतरही कित्येक दिवस, काही तर कित्येक आठवडे समागम करत राहतात. ज्यांना आधीचा अनुभव आहे ते जास्त काळ टिकतात. बटण असतं तर दुसऱ्याच दिवशी दिवा विझला असता. शिवाय नेहमीच्या पातळीपेक्षा बऱ्याच कमी टेस्टोस्टेरॉनवरही नराचं वर्तन शाबूत राहतं. थोडक्यात, एक उंबरठा आहे. तो ओलांडला की वर कितीही ओता, फारसा फरक पडत नाही.

मग हे हार्मोन करतं काय? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला मध्य प्रीऑप्टिक भाग आहे. तो दोन्ही बाजूंनी निकामी केला तर नर उंदराचा समागम थांबतो, मग रक्तात टेस्टोस्टेरॉन कितीही असो. इथल्या पेशींत अरोमॅटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं आणि नराच्या वर्तनाचा मोठा भाग त्या इस्ट्रोजेनवर चालतो. होय, नराच्या. 'पुरुषी हार्मोन' आणि 'स्त्री हार्मोन' ही लेबलं इथे येऊन गळून पडतात.

डोपामिन येतं ते इथेच. संशोधक एलेन हल यांच्या गटाने या भागात बारीक नळी बसवून तिथलं डोपामिन मोजलं. माजावरची मादी जाळीपलीकडे ठेवली, म्हणजे नर तिला हुंगू शकतो पण गाठू शकत नाही. धडधाकट नरात डोपामिन तेवढ्यावरच, समागमाच्या आधीच वाढलं. खच्ची केलेल्या नरात वाढलं नाही. गंमत पुढे आहे: खच्ची नराच्या पेशींत डोपामिनचा साठा कमी नव्हताच, उलट जास्त होता. माल कोठारात पडून होता, बाहेर सुटत नव्हता. टेस्टोस्टेरॉनमुळे त्या भागात नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइडमुळे डोपामिन सुटायला मदत होते. डोपामिनसारखं काम करणारं अपोमॉर्फिन दिलं तर खच्ची नरांतही समागम काही अंशी परत येतो, टेस्टोस्टेरॉन न देता. म्हणून माझं मत असं की हार्मोन इच्छा निर्माण करत नाही, मादीच्या वासाला प्रतिसाद देण्यासाठी मेंदू तयार ठेवतं. तो वासच पोचला नाही तर? सोनेरी हॅमस्टर नराच्या मेंदूतले गंधकंद (वासाचे संदेश घेणारे भाग) काढले की हार्मोन जागेवर असूनही समागम पूर्ण थांबतो. हे 1970 सालीच दाखवलं गेलंय.

सेरोटोनिन हे मेंदूतलं आणखी एक रसायन, ते साधारणपणे ब्रेकच्या बाजूला. वीर्यपतनाच्या वेळी हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात ते वाढतं, पुढे न्यूक्लियस अक्युम्बन्स या मेंदूच्या बक्षिसाशी जोडलेल्या भागातलं डोपामिन दबतं आणि नर काही मिनिटं मादीकडे ढुंकून पाहत नाही. त्या विश्रांतीत तो 22 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतो, जो आपल्या कानाला लागत नाही.

मादीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी कारागिरी तिथे आहे. उंदराच्या मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं, आणि त्यात माज जेमतेम एका रात्रीचा. योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन बघितला की केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसतात. ते दिसले की समजायचं, आज संध्याकाळी ही माजावर येणार. त्या रात्री ती नरासमोर उड्या मारते, झपकन पळते, कान थरथरवते आणि नर चढला की पाठ खाली वाकवून शेपूट बाजूला घेते. याला लॉर्डोसिस म्हणतात. अंडाशय काढलेल्या मादीत हेच घडवायचं तर आधी इस्ट्रोजेन द्यायचं, साधारण दोन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचं दुसरं हार्मोन, आणि मग काही तास थांबायचं. क्रम उलटा चालत नाही, कारण प्रोजेस्टेरॉन ज्यांना चिकटणार ते रिसेप्टर (पेशीतले संदेश घेणारे रेणू) हायपोथॅलॅमसमध्ये आधी इस्ट्रोजेननेच तयार करायचे असतात. 1994 साली तर असं दिसलं की इस्ट्रोजेन दिलेल्या मादीत प्रोजेस्टेरॉन न देताही, डोपामिनसारखं रसायन मेंदूत सोडलं की तेच रिसेप्टर जागे होतात आणि लॉर्डोसिस येतो. मादी निष्क्रिय असते हा समज छोट्या पिंजऱ्यामुळे पसरला. तिला फक्त तिच्याच अंगाला पुरेल एवढ्या भोकाची भिंत द्या. नराकडे कधी जायचं, किती वेळ थांबायचं हे ती ठरवते. आणि असा वेग स्वतः ठरवता आला तरच तिला ती जागा नंतर आवडू लागते.

माणसाला हे किती लागू? सेरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी वीर्यपतन लांबतं, हे दोन्हीकडे दिसतं. पण लॉर्डोसिससारखं हार्मोनवर कुलूपबंद वर्तन स्त्रीत नाही. अंडाशय काढल्यावरही तिला समागम शक्य असतो. आणि गर्भातल्या मेंदूला नराचं वळण लावण्याचं काम उंदरात मुख्यतः टेस्टोस्टेरॉनपासून बनलेलं इस्ट्रोजेन करतं, तर माणसात टेस्टोस्टेरॉन थेट आपल्याच रिसेप्टरवर जास्त काम करत असावं असं दिसतं. तो रिसेप्टरच चालत नसलेल्या, एक्सवाय गुणसूत्रांच्या व्यक्ती शरीराने स्त्रीसारख्या असतात आणि बहुतेक जणी स्वतःला स्त्रीच मानतात, शरीरात इस्ट्रोजेन बनत असूनही.