आरपीएमचा काटा हलतोय का?

प्रश्न : माझ्याकडे १९८७ची पोर्श ९४४ आहे, टर्बो नसलेली. अर्धा-पाऊण तास चालवली की एकाएकी बंद पडते आणि निवल्यावर निमूट चालू होते. फ्लायव्हीलचे (इंजिनामागच्या जड दातेरी चाकाचे) सेन्सर गेलेत, असं मेकॅनिक म्हणतो. ते कुठे असतात? घरी बदलता येतील का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : येतील, पण आधी पैसे खर्च करू नका. गाडी बंद पडलेली असतानाच सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. तो थरथरला तर सेन्सर बहुधा ठीक आहेत, पेट्रोलची बाजू तपासा. ढिम्म राहिला तर पहिला संशय डीएमई रिलेवर, म्हणजे डीएमईला (इंजिनाच्या कंप्युटरला) आणि पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या स्विचवर घ्या. त्याच्या आतले सोल्डर तडकले की गाडी अशीच तापल्यावर दगा देते, आणि तो बदलणं पाच मिनिटांचं काम आहे.

सेन्सर दोन. इंजिनाच्या मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) बेलहाउसिंगच्या, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या धातूच्या आवरणाच्या, माथ्यावर एकाच ब्रॅकेटमध्ये शेजारी-शेजारी बसतात. ‘डीजी’ खुणेचा फ्लायव्हीलचे १३२ दात मोजतो, ‘बीजी’चा प्रत्येक फेऱ्याला एकच खूण पकडतो. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या १ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६०० ते १६०० हवेत. गरम असताना मोजलंत तरच खरं कळेल.

काढताना ५ मिमीच्या ॲलन कीने बोल्ट पूर्ण काढा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग सेन्सर डावी-उजवीकडे हलके फिरवत वर घ्या. पकडीने ओढलात तर प्लॅस्टिकचं डोकं हातात येतं आणि टोक आतच राहतं.

दोन्ही कनेक्टर हुबेहूब सारखे असतात. अदलाबदल झाली की गाडी चालूच होत नाही आणि माणूस नव्या सेन्सरला शिव्या देतो. सोडवण्याआधीच रंगीत टेप लावा. जुनी कनेक्टरं ठिसूळ होऊन तुटतात, नवीही हाताशी ठेवा.

सेन्सर आणि दात यांच्यातली फट ०.८ मिमी हवी. ब्रॅकेटला हात लावला नाहीत तर ती जशीच्या तशी राहते. ब्रॅकेट हललाच असेल तर जुन्या डीजी सेन्सरच्या टोकाला ०.८ मिमीचा वॉशर चिकटवा, तो दाताला टेकेपर्यंत ब्रॅकेट खाली दाबा आणि बोल्ट कसा. मग तो काढून नवा सेन्सर बसवा.

प्रश्न : याच गाडीत गरम असताना काळा धूर येतो. हाही सेन्सरच का?

उत्तर : शक्य आहे. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान डीएमईला कळवणारा सेन्सर आतून तुटला की कंप्युटर इंजिन गारठलंय असं समजून पेट्रोल ओतत राहतो. २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना साधारण ३०० ओहम मिळायला हवेत. डॅशवरच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर वेगळा, तो बदलून काही होणार नाही. सेन्सर बदलायचं काम थंड इंजिनावरच करा. नंतर हीटर ‘गरम’वर ठेवून थर्मोस्टॅटजवळचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरा.