पहिलीच स्पोर्ट्स कार म्हणून सेकंडहँड पोर्शे 911 घेऊ का? जालन्यात राहतो, समृद्धीवर चालवेन.

नको, पहिली म्हणून तरी नको. 911 चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणजे साध्या गाडीत लागलेली सवयच इथे अंगाशी येते. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करायचा असतो. हे ट्रॅकवर, जाणकाराला शेजारी बसवून शिका. नव्या मॉडेलमधलं स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा, बरंच सावरून घेतं, पण टायरला पकडच नसेल तर तेही काही करू शकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, त्या चिखलात रुंद टायर फार वाईट घसरतात. समृद्धीवर मर्यादा 120 ची आहे, ती पाळाच: 180 ला गाडी सेकंदाला 50 मीटर जाते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला 120 च्या सव्वादोन पट अंतर लागतं. घ्यायचीच असेल तर टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड आधी वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.