पेशी म्हणजे सेल का मसल?

प्रश्न असा आलाय की जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी (शरीररचना) चालू झालीय, पुस्तक इंग्रजी, डोक्यात शिरावं म्हणून हिंदी व्हिडिओ लावला तर त्यात पेशी म्हणजे मसल, आणि आपण शाळेपासून पेशी म्हणजे सेल शिकलोय, मग बरोबर कुठलं.

दोन्ही बरोबर हो, आणि खरं सांगायचं तर जुना अर्थ हिंदीवाल्यांनीच धरून ठेवलाय. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी मोजल्यात त्या मांसाच्याच, आणि ९०० स्नायू सांगितलेत ते म्हणजे सांधे बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या. सेल हा प्रकारच तेव्हा कुणाला दिसलेला नव्हता, रॉबर्ट हूकनं मायक्रोस्कोपखाली बुचाचे कप्पे बघून सेल हा शब्द छापला तो १६६५ साली. पुढं आपल्या भाषांना सेलसाठी शब्द लागला तेव्हा हिंदीनं कोशिका घेतली, मराठीत पेशी तिकडं गेली आणि मसलला स्नायू मिळाला. हिंदीत स्नायु म्हणजे कुठं लिगामेंट (त्याच सांधे बांधणाऱ्या दोऱ्या) तर कुठं चक्क नर्व्ह, त्यामुळं तो शब्द ऐकला की व्हिडिओ थांबवून चित्र बघायचं.

मराठीत लिहिताना सेल पेशी, टिश्यू ऊती, मसल स्नायू, टेंडन कंडरा, लिगामेंट अस्थिबंध, नर्व्ह चेता किंवा मज्जातंतू. एवढं पुरे.

खरी गंमत वॉर्डात आहे. पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की नातेवाईक विचारणार, "सिस्टर, पेशी किती झाल्या?" इथं पेशी म्हणजे फक्त प्लेटलेट, ज्या नॉर्मली एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. आणि प्लेटलेट ही धड अख्खी पेशी पण नाही, अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशीचा तुटलेला तुकडा आहे तो. तरी तिथं ॲनाटॉमी शिकवत बसू नका, आकडा सांगा.

स्नायू हा शब्द पेशंटच्या तोंडून तुम्हाला क्वचितच ऐकू येईल. पाठीत उसण भरल्या, पोटरीत गोळा आलाय, पाय लचकलाय असंच सांगणार, उसण आणि गोळा बहुतेक वेळा स्नायूचा, लचक अस्थिबंधाची. तालमीतला पोरगा दंड आवळून दाखवतो ती बेटकुळी, म्हणजे बायसेप्स, आणि बेटकुळी मुळात बेडकाचं पिल्लू. मसल हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आलाय, म्हणजे कातडीखाली काहीतरी जित्राब हलतंय हे रोमात पण वाटलं आणि आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीत पण! मला विचाराल तर पुस्तकातल्या द्विशिरस्कपेक्षा बेटकुळी लाखपटीनं बरी.

सगळ्यात घोळाचा शब्द मात्र नस. सलाइनला नस सापडंना म्हणजे व्हेन, कंबरेत नस दबल्या म्हणजे नर्व्ह, मानेची नस आखडल्या म्हणजे बहुतेक स्नायूच. म्हणून नस म्हटलं की आधी कुठं ते विचारायचं, मग मुंग्या येतात का, बधिर होतंय का, होय म्हणाला तर नर्व्हचा संशय धरायचा आणि डॉक्टरांना सांगायचं. आणि नसबंदीतली नस यातली एकही नाही, तिथं बंद करतात ती शुक्रवाहिनी.