रोबो व्हायोलिन वाजवतो, मग तो वादक का नाही?

प्रश्न सांगलीहून आला आहे. 'रोबो व्हायोलिन वाजवतो' असं शीर्षक कुठेतरी छापून आलं आणि त्यावरून घरात वाद झाला. वाजवणं हे माणसाचं काम, तेव्हा 'रोबोकडून व्हायोलिन वाजवले जाते' किंवा नुसतं 'व्हायोलिन वाजते' म्हणावं, असं एका बाजूचं म्हणणं. शिवाय अशा रोबोला 'वादक' म्हणायचं का, हेही विचारलं आहे.

'वाजवतो' बिनघोर म्हणा. कर्त्यात जीव आहे की नाही, याची चौकशी मराठी क्रियापद करत नाही. तुमच्याच भागात हार्वेस्टर ऊस तोडतो, कारखाना तो गाळतो. 'हार्वेस्टरकडून ऊस तोडला जातो' असं फडात कुणी बोलत नाही; ते सरकारी अहवालात शोभेल.

खरा पेच 'वाजतो' आणि 'वाजवतो' यांत आहे. वाद्य एकीकडे, यंत्र दुसरीकडे आणि यंत्राचा हात वाद्याला लागतो, तिथे 'वाजवतो'. 1738 मध्ये पॅरिसला व्होकान्सन या फ्रेंच यंत्रकाराने दाखवलेला बासरीवाला पुतळा भात्यांची हवा ओठांतून बासरीत फुंकायचा आणि बोटांनी भोकं झाकायचा. जपानच्या वासेदा विद्यापीठातला 1984 चा वाबोट-2 हा रोबो कॅमेऱ्याने स्वरलिपी वाचून हातापायांनी ऑर्गन वाजवायचा. पियानोलाची गंमत तर व्याकरणाच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. सुरुवातीचा पियानोला म्हणजे पियानोपुढे ढकलून ठेवायचं कपाट. त्यातून पुढे आलेली लाकडी बोटं पट्ट्या दाबत, म्हणून तो पियानो वाजवायचा. पुढे तीच यंत्रणा पियानोच्या पोटात बसवली, आणि मग पियानो आपोआप वाजू लागला.

बोलीत मात्र हा नियम काटेकोर पाळला जात नाही. देवळातल्या आरतीच्या मशीनमध्ये मोटर फिरते, टिपऱ्या खऱ्याच नगाऱ्यावर पडतात, तरी आपण 'नगारा वाजतोय' म्हणतो. शाळेची घंटा शिपाईच वाजवतो, पण मुलांसाठी ती 'वाजली'. कोण वाजवतंय याच्याशी कर्तव्य नसलं की मराठी सरळ 'वाजणे'वर येते. बातमी रोबोचीच असेल तर त्याला कर्तेपण द्यायलाच हवं.

आता प्रश्नात नसलेलं, पण शेजारच्या मिरजेत हमखास कानावर पडणारं एक क्रियापद: 'लावणे'. 'तंबोरा लावला का?' या प्रश्नाचा एकेकाळी एकच अर्थ होता. खुंट्या पिळून तारा सुरात आणायच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखालचे मणी किंचित सरकवून उरलासुरला फरक काढायचा आणि मग तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालून तो केसभर पुढेमागे करत जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणक, खुलवायची. धागा नेमक्या जागी आला की बसकी तार एकदम झणकारून बोलायला लागते. मिरजेच्या कारागिरांच्या घरांत हे कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आता इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची डबी आली, मोबाइलवर ॲप आलं, तरी प्रश्न तोच राहिला: 'तंबोरा लाव.' रेडिओ लावतात, तसं 'सुरू कर' हा अर्थ त्यात अलगद मिसळला. शिवाय डबीवरही काळी एक की पांढरी चार, म्हणजे सूर कुठल्या पट्टीचा, हे ठरवावं लागतंच, त्यामुळे सुरात आणण्याचा जुना अर्थही पुरता सुटलेला नाही. 'डबी तंबोरा वाजवते' असं मात्र कुणी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथे तार नाही, छेडणारं बोट नाही, डबीच वाजते.

राहिला 'वादक'. व्याकरणाची आडकाठी नाही. एसटीतला वाहक माणूस असतो, पण विजेची वाहक तांब्याची तारही असते. रूढीची आडकाठी मात्र आहे. हार्वेस्टर ऊस तोडतो, तरी त्याला कुणी तोडकरी म्हणत नाही. क्रियापद आपण यंत्राला सहज देऊन टाकतो. धंद्याचं नाव देताना हात आखडतो. माझंही मत तेच: 'वादक' माणसासाठी राहू द्या.

काही जण 'यंत्रवादक' सुचवतात. तो समास उलटा पडतो. वीणावादक म्हणजे वीणा वाजवणारा, तबलावादक म्हणजे तबला वाजवणारा. त्या हिशेबाने यंत्रवादक म्हणजे यंत्र वाजवणारा, म्हणजे त्या डबीचं बटण दाबणारे तुम्ही-आम्ही. 'वादनयंत्र' चालेल, पण जरा पुस्तकी वाटतं. शीर्षकात चार अक्षरं जास्त गेली तरी 'व्हायोलिन वाजवणारा रोबो' हेच लिहावं.