एंटर मारला की पुढचा रकाना: डेअरीच्या फॉर्मपुरतं उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चिकोडी भागातल्या दूध डेअरीसाठी सी शार्पमध्ये विनफॉर्म्सवर (विंडोज प्रोग्रॅमचे फॉर्म बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय) दूध संकलनाचा फॉर्म केलाय. ऑपरेटर एका हाताने कॅन सरकवतो आणि दुसऱ्या हाताने नंबर पॅडवर सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) मारतो. त्याला टॅब नको, एंटर पाहिजे. तुम्ही की-प्रिव्ह्यू ट्रू करून (म्हणजे कळ रकान्याआधी फॉर्मला दिसते) की-डाऊन या कळ दाबल्याच्या इव्हेंटमध्ये कोड लिहिलात. एका फॉर्मवर तो चालतो, दुसऱ्यावर पहिल्याच एंटरला अर्धी नोंद सेव्ह होते.

त्या दुसऱ्या फॉर्मला ॲक्सेप्ट-बटण (एंटर मारला की आपोआप दाबलं जाणारं बटण) म्हणून 'सेव्ह' लावलेलं असणार. कोड बरोबर आहे, पण एंटर तिथवर पोचतच नाही. दाबलेली कळ आधी प्रोसेस-सीएमडी-की मधून जाते. मग इज-इनपुट-की त्या कंट्रोललाच (रकाना, बटण वगैरे) विचारतं, ही तुला पाहिजे का? तो नको म्हणाला तर प्रोसेस-डायलॉग-की, आणि तिथूनही उरली तरच की-डाऊन. ॲक्सेप्ट-बटण तिसऱ्या पायरीला बसलेलं असतं, म्हणून ते तुमच्या आधी एंटर खातं.

फॉर्मची प्रोसेस-डायलॉग-की ओव्हरराइड करा (तिच्या जागी आपला कोड लिहा), एंटर तिथे धरा. काही जण प्रोसेस-सीएमडी-की सुचवतील, पण ती फार लवकरची जागा आहे. तिथे धरलात तर उघडलेला कॉम्बो, शेऱ्याचा मल्टिलाइन टेक्स्टबॉक्स आणि ग्रिड (तक्ता) या सगळ्यांसाठी अपवाद लिहीत बसावं लागेल. प्रोसेस-डायलॉग-की मध्ये ती कटकट नाही. कॉम्बोची यादी उघडी असेल तर तो इज-इनपुट-की मध्येच 'हो' म्हणतो आणि एंटरने यादी मिटते. मल्टिलाइनमध्ये ॲक्सेप्ट्स-रिटर्न ट्रू केलं असेल तर नवी ओळ पडते, नसेल तर फोकस पुढे जातो.

आत लिहायचं एवढंच: कळ नुसती एंटर असेल आणि ॲक्टिव्ह-कंट्रोल बटण नसेल, तर सिलेक्ट-नेक्स्ट-कंट्रोल बोलवा. त्याला ॲक्टिव्ह-कंट्रोल द्या आणि पुढचे चार पॅरामीटर अनुक्रमे ट्रू, ट्रू, ट्रू, फॉल्स ठेवा. शेवटचा फॉल्स म्हणजे रॅप नको; नाहीतर एसएनएफनंतर फोकस गपचूप परत सभासद नंबरवर जातो आणि नोंद झाली असं ऑपरेटरला वाटतं. शिफ्ट-एंटरला पहिला ट्रू फॉल्स करा, म्हणजे मागे जाता येतं. बटणावर असताना मात्र बेसकडेच (मूळ क्लासच्या कोडकडे) सोडा, नाहीतर 'सेव्ह'वर एंटर मारून काहीच होणार नाही. नंबर पॅडचा एंटर वेगळा धरायची गरज नाही, दोघांचा कोड १३ च. यूझर कंट्रोल (अनेक रकाने एकत्र बांधलेला आपला कंट्रोल) वापरला असेल तर हीच ओव्हरराइड त्याच्यातही लागते, कारण फॉर्मला तो अख्खा कंट्रोल एकच रकाना दिसतो. आत पुढचा रकाना नसला की बेसला बोलवा, फॉर्म पुढे नेईल.

सेंड-कीजने (कोडमधून कळ दाबल्याचं सोंग) टॅब पाठवायचा उपाय करू नका. मधेच मेसेज बॉक्स उघडला तर टॅब त्याला जातो. ॲक्सेस आणि व्हीबीए मध्ये तर सेंड-कीजमुळे नम-लॉक बंद पडतो, आणि नंबर पॅडवर काम करणाऱ्याचा नम-लॉक गेला की सगळंच थांबलं.

कळ दाबून धरली तर एंटर सटासट येतात आणि चार रकाने ओलांडून थेट 'सेव्ह' दाबलं जातं. यासाठी मात्र प्रोसेस-सीएमडी-की लागते, कारण मेसेज तिथेच मिळतो. त्या मेसेजमधल्या एल-पॅरामचा ३० वा बिट १ असेल तर कळ आधीपासूनच खाली आहे. एंटर असेल तर ट्रू परत करून गिळून टाका.

फोकस भलतीकडे उडत असेल तर दहातले नऊ वेळा ग्रुपबॉक्सचा टॅब-इंडेक्स (फोकस जायचा क्रमांक) चुकलेला असतो. क्रम आधी डब्यांचा (ग्रुपबॉक्स, पॅनल) लागतो, मग डब्यातल्या रकान्यांचा. 'गाय / म्हैस'ची रेडिओ बटणं वेगळ्या पॅनलमध्ये ठेवा. सभासदाचं नाव दाखवणाऱ्या रीड-ओन्ली रकान्याचा टॅब-स्टॉप हाताने फॉल्स करा, रीड-ओन्ली केल्याने तो आपोआप जात नाही. मागे येऊन फॅट दुरुस्त करताना ६.५ च्या पुढेच ५.८ चिकटतं, म्हणून प्रत्येक रकान्याच्या एंटर इव्हेंटला सिलेक्ट-ऑल करा. (हा 'एंटर' म्हणजे फोकस येणं, कळ नव्हे. नाव ठेवणाऱ्याने घोळच घातलाय.)

आता नव्या सभासदाचा फॉर्म. पावतीवर नाव कन्नडमध्ये, रजिस्टरला मराठीत आणि रक्कम इंग्रजी आकड्यांत, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या भागात हे लागणारच. ऑपरेटरला दर रकान्याला विंडोज-स्पेस मारायला लावू नका. रकान्यात फोकस आला की इनपुट-लँग्वेज बदला: फ्रॉम-कल्चरला कन्नडसाठी 'केएन-आयएन', मराठीसाठी 'एमआर-आयएन'चा कल्चर-इन्फो द्या आणि ते करंट-इनपुट-लँग्वेजला लावा. त्या मशीनवर तो कीबोर्ड बसवलेला नसेल तर फ्रॉम-कल्चर नल (काहीच नाही) देतं. ते न तपासता लावलंत तर तुमच्याकडे सगळं चालेल आणि डेअरीत जाऊन बिघडेल.

इथेच एक छुपा सापळा आहे. रकमेच्या रकान्यात फक्त आकडे यावेत म्हणून बहुतेक जण की-प्रेसमध्ये कॅर-इज-डिजिट लावतात. ते '४' लाही हो म्हणतं आणि '೪' लाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने तिन्ही लिप्यांतले आकडे आकडेच. पण डेसिमल-पार्सला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ कळतात. म्हणजे पडद्यावर ४२.५ दिसतंय आणि सेव्हला 'फॉरमॅट चुकीचा' येतंय. चिन्ह इंग्रजी ० ते ९ मध्येच आहे का ते थेट तपासा. नाहीतर कॅर-गेट-न्यूमरिक-व्हॅल्यूने प्रत्येक आकडा इंग्रजीत बदलून घ्या; ऑपरेटरला अडवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

खालच्या ग्रिडसाठी वेगळा क्लास काढा. सेल एडिट होत असताना एंटर ग्रिडच्या प्रोसेस-डायलॉग-की मध्ये येतो आणि नसताना प्रोसेस-डेटाग्रिडव्ह्यू-की मध्ये, म्हणून दोन्ही ओव्हरराइड करून प्रोसेस-राइट-की बोलवा. एकच केलीत तर 'कधी उजवीकडे जातो, कधी खाली' अशी तक्रार येईल. शेवटच्या रकान्यावर ती पुढच्या ओळीत नेत नाही, तेवढं स्वतः लिहा.

तपासणी व्हॅलिडेटिंगमध्ये (रकाना सोडताना होणाऱ्या इव्हेंटमध्ये) ठेवा, पण तिथे मेसेज बॉक्स नको, एरर-प्रोव्हायडर (रकान्याशेजारी चुकीची खूण) पुरे. एफ-कीने सेव्ह ठेवलं असेल तर फोकस हलत नाही आणि शेवटचा रकाना न तपासताच सेव्ह होतो. आधी व्हॅलिडेट-चिल्ड्रन बोलवा. 'बंद करा' बटणाचं कॉजेस-व्हॅलिडेशन फॉल्स करा आणि फॉर्म-क्लोजिंगमध्ये कॅन्सल फॉल्स करा, नाहीतर सभासद नंबर चुकला की फॉर्म बंदच होणार नाही आणि ऑपरेटर मशीनचं बटण दाबून मोकळा होईल.