सायकलिंग करताना घड्याळ दाखवतं तेवढ्या कॅलरी खरंच जळतात का?

थोडक्यात सांगायचं तर मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर फार विसंबू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सात डिव्हाइस तपासली होती, त्यात हार्ट रेट बहुतेकांचा बरोबर आला पण कॅलरीत सगळ्यात चांगल्याचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची तर ९३!

कारण घड्याळ कॅलरी मोजतच नाही, तुमचं वजन, वय, हार्ट रेट यावरून अंदाज बांधतं, आणि ऊन, कॉफी, टेन्शन कशानेही हार्ट रेट वाढतो, शिवाय हात हँडलवर स्थिर असतो म्हणून हालचालीवरूनही त्याला फारसं काही कळत नाही.

खरं हवं असेल तर पॉवर मीटर, म्हणजे सायकलला बसवायचं एक यंत्र. तो तुम्ही पेडलवर लावलेली ताकद वॅटमध्ये मोजतो आणि त्यावरून केलेलं काम किलोज्यूलमध्ये मिळतं. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतली साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचवतं आणि १ कॅलरी (खाण्यातली, म्हणजे किलोकॅलरी) म्हणजे ४.१८ किलोज्यूल, त्यामुळे किलोज्यूल आणि कॅलरीचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, म्हणजे तासभर १५० वॅट मारले तर ५४० किलोज्यूल, म्हणजेच ५४० च्या आसपास कॅलरी. यातही थोडंफार इकडेतिकडे होतंच पण घड्याळापेक्षा खूप बरं.

मीटर महाग वाटत असेल तर घड्याळच वापरा, फक्त तो आकडा बघून जेवण वाढवू नका प्लीज.