कूलरच्या पाण्यावर पीसी गार करता येतो का? येतो, पण बोरचं पाणी ब्लॉकमध्ये सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नांदेडला पत्र्याच्या खोलीत पीसी आहे, मे महिन्यात रेंडर (फायनल व्हिडिओ तयार करायचं काम) लावला की प्रोसेसर ९० ला टेकतो, तर पीव्हीसी पाइपचा उभा टॉवर करायचा, वरून शॉवरनं पाणी पाडायचं, खालून पंखा मारायचा आणि ते गार झालेलं पाणी सरळ प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधून (प्रोसेसरवर बसणारी, आतून पाणी फिरणारी धातूची डबी) फिरवायचं, हे घरी जमेल का. जमतंय. मी परभणीत करून बसलोय, तीन उन्हाळे झाले चालायलंय. पण तुम्ही लिहिलंय तसं नका करू, कारण पहिल्या वर्षी मी अगदी तसंच केलं होतं.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं. लग्नसराई आणि ऊन आमच्याकडं एकदमच येतं, त्यामुळं ज्या महिन्यात मशीनला सगळ्यात जास्त काम त्याच महिन्यात खोली ४२ डिग्री. रायझन ५ ५६०० आहे, त्याची मर्यादाच ९० डिग्री, तिथं गेलं की तो स्वतःहून स्पीड कमी करतो, बंद पडत नाही पण रेंडर मात्र रेंगाळतो आणि पार्टी दारात उभी. बाजारातलं तयार वॉटर कूलिंग घेतलं तरी त्याचा रेडिएटर खोलीच्या हवेवरच चालतो, म्हणजे खोली ४२ तर त्यातलं पाणी ४२ च्या खाली जाणारच नाही, वरच राहणार. पाणी उडवून गार केलं तरच खोलीपेक्षा खाली जाता येतं, आणि त्या बाबतीत मराठवाडा एकदम भारी जागा आहे, कारण हवा कोरडी.

किती खाली जाईल ते आधीच बघता येतं. साध्या (तापाच्या नाही, हवेच्या) थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा, जो आकडा थांबेल त्याच्या खाली तुमचं पाणी काही केल्या जाणार नाही. ४२ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असली तर तो आकडा २२ च्या आसपास येतो. म्हणजे २० डिग्रीचा फरक फुकट! तेच जुलैमध्ये ३० डिग्री आणि ८० टक्के असताना आकडा २७ येतो, मग काय उपयोग, ३ डिग्रीसाठी कोण एवढा उपद्व्याप करणार. परळीच्या थर्मल वीज केंद्राचे ते मोठाले कूलिंग टॉवर बघितले असतील ना, तत्त्व तेच, आणि २०१३ ला पाण्याअभावी ते थर्मल बंद ठेवावं लागलं होतं हे पण आठवत असेल.

तुमचं पाणी मात्र त्या मानानं काहीच लागत नाही. एक लिटर पाणी उडताना पाऊण युनिटला थोडी कमी एवढी उष्णता घेऊन जातं. पीसी २०० वॉट खात असेल तर तासाला ०.२ युनिट, म्हणजे जवळजवळ ३०० मिली पाणी. दहा तास रेंडर चाललं तरी तीन लिटर. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना तीन लिटर पण डोळ्यावर येतं, माझ्या आईला तर येतंच, पण खोलीचा कूलर एरवी पण याच्या कितीतरी पट पाणी उडवतोय.

आता माझी पहिल्या वर्षीची गंमत. सहा फुटी पाइप, शॉवर, खाली बादली, कूलरची १८ वॉटची मोटार, सगळं बोरच्या पाण्यावर. पहिल्या दिवशी फुल लोडवर ५८ डिग्री, मी सगळ्या दोस्तांना फोटो पाठवले. तीन आठवड्यांनी तेच ७४ झालं आणि रोज वर वर सरकायलं. ब्लॉक उघडला तर आत तांब्याच्या बारीक पात्यांमध्ये पांढरा थर, आणि त्यात वावटळीची धूळ जाऊन चिखल. पाणी उडतं पण क्षार कुठं उडतात, ते मागं राहतात, तुम्ही वरून आणखी पाणी टाकता त्याचे पण क्षार राहतात, आणि असं ते घट्ट घट्ट होत जातं. जुना माठ पाणी गार करत नाही म्हणून आपण बदलतो ना, त्याची पण छिद्रं याच क्षारानं बुजतात. माठ बदलता येतो हो, ब्लॉक कितीदा बदलणार. किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवून साफ केला, पण दर तीन आठवड्याला हे कोण करणार.

म्हणून दुसऱ्या वर्षी दोन पाणी वेगळी केली आणि टॉवर भंगारात दिला. कारण टॉवर म्हणजे काय, घरातला कूलरच की! गवतावर पाणी, मागून हवा, खाली टाकीत गार पाणी, सगळं आधीच तयार आहे. फक्त त्या टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवून ठेवायचं आणि पीसीचं स्वच्छ पाणी त्या नळीतून फिरवायचं. क्षार बसला तर नळीच्या बाहेरून बसतो, ब्रश मारला की गेला.

नळी एसी-फ्रिज रिपेअरवाल्याकडं मिळते, तीन सूत (३/८ इंच) घ्या, १६ फूट पुरते. मी शहाणपणा करून भंगारातली सरळ नळी आणली, ती वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू भरली आणि रंगाच्या डब्यावर गुंडाळली, वळली मस्त पण नंतर ती वाळू धुऊन काढायला अर्धा दिवस गेला, तर तुम्ही आधीच गोल गुंडाळलेली मऊ नळीच मागा. ब्लॉक तयार विकत घ्या, घरी करू नका, आणि तो तांब्याचा असला तर लाइनमध्ये ॲल्युमिनियमचं काहीही नको, दोन धातू एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाऊन टाकलं जातं. मधला पाइप म्हणजे गवंडी लेव्हलला वापरतात तो पारदर्शक, जोडाला गॅसच्या पाइपच्या क्लिपा. पाइपवर उजेड पडला की आत शेवाळ धरतं म्हणून मी वरून काळी टेप मारलीय. आत बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल वॉटर (नाव घेऊन मागा, नुसतं बॅटरीचं पाणी म्हणलं की एखादा ॲसिड देईल) आणि त्यात थोडं गाडीचं कूलंट.

पंप १२ व्होल्टचा घ्या आणि पीसीच्या एसएमपीएसवरच (पीसीला वीज देणारा डबा) जोडा, म्हणजे लाइट जाऊन आली तरी पीसी आणि पंप सोबतच चालू होतात. कूलर इन्व्हर्टरवर नसला तरी घाबरायचं नाही, टाकीत ४० लिटर पाणी असेल तर २०० वॉटनं ते तासाला ४ डिग्रीच तापतं, तेवढ्यात लाइट येते नाहीतर तुम्ही सेव्ह करून उठता. पहिल्यांदा चालवताना मदरबोर्ड, कार्डाचे सगळे प्लग काढून ठेवा, एसएमपीएसच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून एकटा पंप २४ तास फिरवा, खाली पेपर अंथरा. पेपर ओला झाला तर कळतंय.

बरेच जण विचारतात की पाणी खोलीपेक्षा गार म्हणजे ब्लॉकला घाम सुटेल आणि बोर्ड जाईल. नाही सुटत. घाम ज्या तापमानाला सुटतो ते त्या ओल्या फडक्याच्या आकड्याच्याही खाली असतं, आणि आपलं पाणी त्या आकड्याच्या खाली जातच नाही. पण हुरूप येऊन टाकीत बर्फ टाकला तर मात्र सुटू शकेल, तेवढं करू नका. आणि कूलर खिडकीतच पाहिजे, बाहेरची कोरडी हवा ओढणारा, दुसऱ्या बाजूनं हवा निघायला जागा ठेवून. बंद खोलीत ठेवला तर तासाभरात खोली दमट, पाणी गार व्हायचं बंद.

खरी भीती शॉकची. पत्र्याच्या कूलरला करंट उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडं दर उन्हाळ्यात असतात, आणि इथं तर तुम्ही त्या टाकीतून पाण्याची लाइन पीसीपर्यंत आणायलात. ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लगेच लाइट तोडणारं स्विच) बसवल्याशिवाय हात लावू नका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळतो, त्यात बादलीभर पाणी ओतत जा, आणि टाकीत हात घालायचा तर आधी प्लग काढा, नुसतं बटन बंद करून नाही.

टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, क्षारासाठी पण आणि डेंग्यूच्या डासांसाठी पण, ते साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.

माझं आत्ताचं सांगायचं तर टाकीतलं पाणी दुपारी २५-२६, नळीतलं त्याच्यापेक्षा चार-पाच डिग्री वर, प्रोसेसर फुल लोडवर साठीच्या आसपास. ब्लॉक धरून साडेचार हजारात बसलं. पण हे सगळं करायच्या आधी प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट काढून नवी लावा आणि बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे प्रोसेसरनं कमी वीज खायची सेटिंग, चालू करून एक दिवस बघा, माझ्या एका मित्राचं तेवढ्यावरच भागलं आणि त्याची तांब्याची नळी अजून माळ्यावर पडलीय. तरी करायचंच असेल तर तुमच्या कूलरची टाकी किती लिटरची आहे आणि ग्राफिक कार्ड पण याच लाइनवर घेणार का ते सांगा, कार्ड असेल तर १६ फूट पुरणार नाही.